युरियासहित विहीर

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाने महाराष्ट्राची मान उंचावली. नायट्रेटने सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची, युरियाची गोणी ४५ किलोची. आकडा तरी जुळतो.

पिकाने न उचललेले खत पावसाबरोबर विहिरीत उतरते. म्हणजे अनुदान थेट लाभार्थ्याच्या पोटात, मध्ये दलाल नाही. पाणी उकळले तर नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. इतका टिकाऊ सरकारी लाभ दुसरा दाखवा! तान्ही बाळे त्याने निळी पडू शकतात, पण लाभार्थी-यादीत रंगाचा रकाना नसतो. आता सातबाऱ्यावर ‘विहीर, युरियासहित’ अशी नोंद व्हावी आणि तेवढी गोणी कोट्यातून वजा करावी.

मूलगामी उपाय मात्र भिवंडीने केव्हाच शोधला. भातखाचरांत भराव टाकून गोदामे उभी केली. शेतच नाही, तर युरिया कुठला? शिवाय त्याच गोदामांतून जलशुद्धीकरण यंत्रे निघतात, वर्ध्याला घरपोच. विजेची सोय ग्राहकाने करायची.