मनी प्लँटची पानं खुडणाऱ्या अज्ञात सभासदास

प्रति,
अज्ञात सभासद,
आमचीच सोसायटी, बहुधा आमचाच मजला.



जिन्यातल्या माझ्या मनी प्लँटची पानं पुन्हा नाहीशी झाली. विकतचा मनी प्लँट लक्ष्मीला मानवत नाही, तो चोरूनच लावावा लागतो, या शास्त्राबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्यामुळे माझी तक्रार चोरीबद्दल नाहीच. चोरीच्या दर्जाबद्दल आहे.

आपण दर वेळी देठासकट नुसतं पान खुडता. बाटलीत ठेवल्यावर त्याला मुळंही फुटतील, आपण हरखून जाल. पण वेल काही फुटायचा नाही. नवा कोंब येतो पेरावरच्या डोळ्यातून, आणि डोळा तर माझ्याकडेच राहिला! ऊस लावणाऱ्या कुणालाही विचारा, डोळा नसलेली टिपरी शेतात जात नाही, गुऱ्हाळात जाते.

तेव्हा पुढच्या खेपेस स्वच्छ, धारदार कात्री घेऊन या. दोन-तीन पेरांचा तुकडा निवडा आणि खालच्या पेराच्या जरासं खाली कापा. पेरापाशी तपकिरी गाठ दिसेल. ती हवाई मुळाची. पाणी मिळताच तिथूनच मुळं सुटतात. खालचं पान काढून टाका, नाहीतर पाण्यात कुजेल. दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसतील. ती बोटभर झाली की पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावा, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. मनी प्लँट तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतो.

बाटलीतलं पाणी आठवड्याला बदला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. आळस केलात तर लक्ष्मीच्या आधी महापालिकेची नोटीस घरात येईल.

वास्तुशास्त्रातली आग्नेय दिशा साधायची म्हणून वेल फ्रिजमागच्या अंधारात कोंबू नका. उजेड कमी पडला की पानांवरची सोनेरी नक्षी जाऊन ती नुसती हिरवी होतात. म्हणजे धनासाठी आणलेल्या वेलीवरचं सोनंच आधी उडतं! खिडकीजवळ ठेवा, फक्त दुपारचं ऊन टाळा.

हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोऑरेआ बेटाचा. तो फुलतो क्वचितच. त्याच्या अंगी जिबरेलिन हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. फूल नाही म्हणून बी नाही. त्यामुळे घरोघरचा मनी प्लँट हा कुणाच्या तरी वेलीचा कापलेला तुकडाच. मागितला असतात तर हसत दिला असता. पण मग लक्ष्मी रुसली असती. आपली अडचण मी समजू शकतो.

देखभाल खर्चाच्या थकबाकीदारांची यादी सूचना फलकावर आहेच. तीतलं एकही नाव कमी झालेलं नाही; अर्थात आपलं एकही पान रुजलेलं नाही. या वेळी डोळा असलेला तुकडा न्या. ज्याचं नाव यादीतून निघेल, त्याच्या दारात मध्यरात्री मी कात्री घेऊन हजर होईन.

आपला,
कुंडीचा मालक व सहथकबाकीदार