आबांची अळंबी

आषाढातली झड थांबून ऊन डोकावलं की मालवणची माणसं वाटेवर अळंबी विकणाऱ्या बाया शोधतात आणि आबा आम्हाला शोधतात. मासेमारी बंद, जीभ कासावीस. आम्हाला अळंबी दिसली की वाटप आठवतं. आबांना जपान आठवतं. शिताके अळंबीतून काढलेल्या लेंटिनानला तिकडे 1985 साली पोटाच्या कॅन्सरवरच्या औषधांच्या जोडीला मान्यता मिळाली, हे आम्हाला आता परवच्यासारखं पाठ आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आबा संशोधक. साहित्य: एक भिंग आणि पाच वह्या. पण थापा मारायचे नाहीत. विषारी अळंबीनं चांदीचा रुपया काळा पडतो, ही समजूत खोटी, असं ते ठणकावून सांगतात. धिंगरीत कोलेस्टेरॉल उतरवणारं लोव्हास्टॅटिन असतं, ‘पण म्हणून डॉक्टरची गोळी सोडू नको’, असंही बजावतात. या नादात स्वतःची गोळी मात्र विसरतात.

परवा त्यांनी एक वाटा घेतला आणि भिंग काढून विचारलं, “हेचां मूळ खंय आसा?”

“वारळात आसा. तुमी शिजवन खावा,” बाई म्हणाली.

आबा हरखले. वाळवी वारुळात या बुरशीची शेती करते, तीही सुमारे तीन कोटी वर्षं. माणसाला धिंगरी पिकवता आली, ही नाही. पाचव्या वहीचा मजकूर बाईनं एका शब्दात सांगितला होता.

घरी येताच थोडी अळंबी त्यांनी झालरी वर करून उन्हात मांडली, ड जीवनसत्त्व वाढावं म्हणून. तेवढ्यात ऊनच गेलं. चार टोप्या कालनिर्णयाच्या जूनच्या पानावर, दुधाच्या हिशोबावर, पालथ्या घातल्या. रात्रभरात बीजाणू गळून गुलाबी ठसा उमटला, तरच ही वारुळातली. तोवर घास नाही!

वहिनींचा पुरावा निराळा होता. ही बाई वीस वर्षं अळंबी विकते आणि तिचं एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. उरलेली अळंबी त्यांनी आठळ्या घालून शिजवली. आबा पेज पिऊन झोपले.

सकाळी दुधाच्या हिशोबावर सुरेख गुलाबी ठसा! आबा पान नाचवत स्वयंपाकघरात धावले. “सिद्ध झालां! खावक हरकत नाय!”

कढई घासून पालथी घातली होती.

“तां आमका काल रातीच समाजलां,” वहिनी म्हणाल्या, “आता दुधाचो हिशोब सिद्ध करा.”