चोवीस बिटांचा कूलर

सावद्यात आवाज मोठा करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. आवाज चांगला करायला निघालेल्याची मात्र अख्खी गल्ली चौकशी करते. "सर, हे डबडं कशाचं?" शेजारचे भाऊ म्हणाले. मी सांगितलं, "डॅक. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करतो." भाऊ म्हणाले, "आकड्यांचा आवाज आमच्या घरी रोजच होतो. केळीचा भाव निघाला की."

डॅक हातात मावतो, त्याची सेटिंग डोक्यात मावत नाही. विंडोजच्या साउंडमध्ये शिरून 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर टिचकी मारली की यादी उघडते: १६ बिट ४४,१००, २४ बिट ४८,०००, ९६,०००, थेट १,९२,०००. यादी दिसली की सगळ्यात मोठं ते आपलं, हा खान्देशी बाणा. पण मुलानं पुण्याहून बजावलं, "बाबा, मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. गाणं ज्या दराचं, तोच दर लावा."

कारण विंडोजचा मिक्सर हाती येईल तो आवाज तुम्ही निवडलेल्या दरात बदलतो आणि मगच पुढे धाडतो. सीडीवरचं गाणं ४४,१०० चं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने. १,९२,००० लावलं तर मधले नमुने कॉम्प्युटर हिशोबानं भरतो; गवयानं त्यात काही भर घातलेली नसते. तेरा किलो केळी मोठ्या खोक्यात भरली म्हणून काट्यावर सोळा भरत नाहीत.

४४,१०० हा आकडाही मोठा गमतीचा. सीडी यायच्या आधी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. एका रेघेत ३ नमुने, अशा २४५ रेघा, आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा. मी कागदावर गुणाकार केला, पहिल्याच फटक्यात जुळला. हिच्या भिशीचा हिशोब असा कधी जुळलेला नाही.

माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. नमुने त्याच्या दुपटीहून थोडे जास्त घेतले की काम भागतं. १,९२,००० च्या दरात ९६,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. तो ऐकायचा कोणी? रात्री बागेवर किडे टिपत फिरणाऱ्या छोट्या वटवाघळांनी. साठीनंतर माझ्या कानाचा वरचा मजला बंदच आहे. हिची हाक त्याच्या कितीतरी खालच्या पट्टीत असते, तीही अधूनमधून ऐकू येत नाही, पण त्याला वय कारण नाही.

बिटांचं प्रकरण वेगळं. एका बिटाला साधारण ६ डेसिबल धरले, तर १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. म्हणजे मुंगीच्या पावलापासून विमानापर्यंत सगळं मावेल. आता मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, हा पल्ला सावद्यात वापरून दाखवा. कूलर बंद केला तर ऐकणारा उरत नाही. चालू ठेवला तर तंबोरा त्याच्यात बुडतो, आणि वर केळीचा ट्रक चढावर गिअर बदलतो. तरी मी २४ बिटच ठेवले. कॉम्प्युटरवरून आवाज कमी केला तर गाण्यातलं बारीक काम कापलं जात नाही, एवढा त्यांचा खरा उपयोग.

मोठ्या दराच्या फायलींचा मला राग नाही. पण कोणी जुनी ७८ ची तबकडी १,९२,००० वर उतरवून दिली, की अब्दुल करीम खाँ पूर्वी होते तिथेच राहतात, खरखर तेवढी जवळ येऊन बसते.

शेवटी २४ बिट, ४४,१०० ठरलं. शिवाय मुलाच्या सल्ल्यानं प्लेअरला 'एक्सक्लुसिव्ह' लावलं. यात मिक्सर बाजूला होतो आणि डॅक एकट्या प्लेअरच्या ताब्यात जातो. बाकी कुणाला त्यातून आवाज काढता येत नाही. भीमसेनजींचा ख्याल रंगात आला, तेवढ्यात ही ओरडली, "काय करू राह्यले हो? पोरगा दिसू राह्यला, बोलणं ऐकू येत नाही!" पडद्यावर व्हिडिओ कॉलमध्ये मुलगा हातवारे करत होता, ओठ जोरजोरात हलत होते. बहुधा एक्सक्लुसिव्ह बंद करा, असंच काहीतरी सांगत असावा. पण विलंबित संपत आलेली, मध्येच कसं उठायचं?