पाकीट कुणाचं?

"वहिनी, शेंगा काढताय की कान इकडे लावून उभ्या आहात?"

"दोन्ही. आकडी हातात आहे, कान मोकळेच आहेत. लेक अंगणवाडीतून आली ना? तोंड पाडून का बसलीय ओट्यावर?"

"चेहरा जुळेना म्हणे. आहाराचं पाकीट द्यायच्या आधी बाई मोबाइल तोंडासमोर धरतात, डोळे मिचकाव म्हणतात. नोंदणीचा फोटो सासरच्या गावचा, तेव्हा तोंड सुजलेलं. आता बाळंत होऊन दोन महिने झाले, गाल बसलेत. मोबाइल म्हणतो, ही ती नव्हेच."

"अगंबाई! पण बाईंना समोर दिसतेय ना?"

"दिसतेय तर! त्याच खोलीत हिला बडबडगीतं शिकवली त्यांनी, नाक पुसलंय हिचं. पण आता ओळख मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरला पटायला हवी. शेवटी बाहेर हापशाजवळ उजेडात उभं केलं, तेव्हा पटली."

"बाईंचीही कमालच. मानधन केवढं आणि कामं किती."

"ते खरं. डिसेंबर 2023 चा संप आठवतो ना? संक्रांत आली तरी कुलूप. तेव्हा कळलं, पोरं दिवसभर घरात असली की काय होतं ते."

एवढ्यात आमचे हे आतून ओरडले, "1975! गांधी जयंतीला सुरू झाली ही अंगणवाडीची योजना. देशात 33 ठिकाणी, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी!" निवृत्त मास्तर. सनावळ्या तोंडपाठ, दुधाची पिशवी मात्र रोज दुकानात विसरतात.

"आणि मातृवंदना योजनेचे पैसे?" वहिनींनी मुद्द्यावर आणलं.

"पहिल्या खेपेला 5,000. नाव नोंदवून तपासणी झाली की 3,000, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या की 2,000. पहिले आले, पण आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. तालुक्याला दोन हेलपाटे घातले. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. कागदाला वाटतं, बाई लग्न करून जिथे गेली तिथेच खुंटीला टांगलीय."

"दुसऱ्या वेळी?"

"मुलगी झाली तरच, 6,000."

"आणि मुलगा झाला तर?"

"काही नाही."

वहिनींनी आकडी भिंतीला टेकवली. "आमच्या वेळी मुलाचे पेढे नि मुलीची जिलबी. जिलबी वाटतानासुद्धा सासूबाई अर्धा किलोवर थांबल्या होत्या. बरं झालं, कुठेतरी उलटं पारडं."

"हिच्या सासरचं रेशनकार्ड केशरी, म्हणून लेक लाडकी योजनेचाही अर्ज दिलाय, तोही बाईंकडेच. जन्माचे 5,000, पुढे शाळेत टप्प्याटप्प्याने, अठरा पूर्ण झाली की 75,000. एकूण 1,01,000."

"अठरा वर्षांनी! तोवर आधारवरचा फोटो जुळेल का हो?"

हसून हसून माझ्या हातातलं दुपटं खाली पडलं.

"पाकिटात असतं तरी काय?"

"गोड पीठ. पूर्वी सुकडी म्हणायचे ना, तसलंच. बाळाला सहा महिने आईचंच दूध, म्हणून आता पाकीट बाळंतिणीचं. पुढे बाळाला त्याचं वेगळं."

वहिनी कुंपणावर आणखी वाकल्या, म्हणजे बातमी पक्की. "वरच्या आळीत म्हशीला घालतात हो! म्हैस काय, चेहरा न जुळवता खाते. तरी म्हटलं, त्यांच्या दुधाला साय एवढी कशी. बाळंतिणीच्या तोंडचा घास तो! सासूला काही वाटत नसेल?"

"हं," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प का?"

"गप्प कुठे? दुपटी मोजतेय."

"लेकीला तरी नीट खाऊ घाला. हाडं दिसतात पोरीची." मग एकदम आठवल्यासारखं, "अहो, काल त्या वड्या पाठवल्यात ना, सुंठ घातलेल्या? आमच्या ह्यांनी चार खाल्ल्या. कशाच्या होत्या?"

ओट्यावरून लेकीने मान वर केली.

"कशाच्या म्हणजे... घरातलंच पीठ होतं."

"कुठल्या घरातलं?"

"बाळ रडतंय वाटतं," मी म्हटलं. बाळ माझ्या लेकीच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं.