आसनगावला उतरणारे साहेब

शहापूर-मुरबाडच्या गाइड पोरांना इंग्रजी संभाषण शिकवायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थेट लंडन-पॅरिसची मंडळी आली. नाणेघाटातला दगडी रांजण पाहून हरखलेली, राणी नागनिकेच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखापुढे वह्या उघडून बसलेली. प्रत्यक्षात रविवारी माहुली गडावर येणारा साहेब आसनगावला लोकलमधून उतरतो आणि असतो डोंबिवलीचा. घरी वरणभात, पण ट्रेकिंगचे बूट चढले की इंग्रजी सुरू. गाइडच्या पैशांची घासाघीस तेवढी मराठीत.

पोरांना माहिती कमी नाही. 1636 साली शहाजीराजे माहुलीवर मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात अडकले, हे ती असं सांगतात की वेढ्यात सख्खा काका होता असं वाटावं. इंग्रजीत सांग म्हटलं, की गड जागच्या जागी शरण!

मग मी पर्यटक झालो. वर्गातच गोरखगड चढू लागलो आणि धापा टाकत इंग्रजीत विचारलं, अजून किती?

"टेन मिनिट्स, सर."

"अरे, आपण आत्ता तर पायथ्याची देहरी सोडली!"

"सर, खरं सांगितलं तर माणूस तिथंच बसकण मारतो. मग त्याला खाली कोण आणणार?"

संभाषणकौशल्याच्या पुस्तकात यावर अवाक्षर नाही. मी पुढच्या धड्याकडे वळलो: विनंती नम्रपणे कशी करावी. एक्सक्यूज मी, सर, काइंडली वगैरे. पोरांनी सगळं घोटून पाठ केलं.

परीक्षा झाली ती कड्याखाली. वर आग्या मोहोळ लोंबतंय, आणि खाली साहेबांच्या टोळीने स्पीकर लावलेला. एकाच्या अंगाला अत्तराचा घमघमाट. आमच्या वर्गातल्या एका मुलीने सुरुवात केली, "एक्सक्यूज मी, सर, काइंडली..." साहेब सेल्फीत दंग. मोहोळ वळवळलं. मुलीने काइंडली गिळलं आणि ओरडली, "ए, बंद कर ते! गप खाली बस!"

टोळी पटकन बसली. एकालाही अर्थ विचारावा लागला नाही. माश्या निवल्यावर तिने सगळ्यांना वाकवून, मुकाट्याने, रांगेत पुढे काढलं.

पायथ्याशी आल्यावर साहेबांना भूक लागली.

"ताई, पिठल्यात लसूण असतो ना?"

"येस, सर," ती म्हणाली. "फिफ्टी रुपीज एक्स्ट्रा."