सध्या काय वाचताय? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

पायरी पहिली : प्रश्नाला तोंड देणे

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना, कुठेही हा प्रश्न येतो : "काय, सध्या काय वाचताय?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, फार तर जोडीला एक वाक्य. तुम्ही 'मृत्युंजय' म्हणालात की समोरचा "वा! कॉलेजात असताना रात्र जागून संपवली होती" म्हणतो आणि गाडी हापूसच्या भावावर येते. ज्यांचं उत्तर इतकं सुटसुटीत आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी, ज्यांना एका फँटसी कादंबरीमालिकेचं नाव घेऊन "मलाझन. चौथा. दहापैकी" असं सांगावं लागतं.

"कशावर आहे?" हा उपप्रश्न लगेच येतो. त्याचं खरं उत्तर देऊ नये. मी एकदा मेव्हण्याच्या साखरपुड्यात दिलं. म्हटलं, "एक साम्राज्य आहे काका, त्यांना एक शहर घ्यायचंय. पण शहरावर हवेत एक काळा डोंगर तरंगतोय. डोंगरात टिस्टे आंडी राहतात, म्हणजे माणसं नव्हेत ती, फार जुनी जमात आहे, आणि त्यांच्या राजाला मनात आलं की ड्रॅगन होता येतं..." काकांच्या हातातला मठ्ठा हातातच राहिला. मग ते समजुतीने म्हणाले, "अच्छा, म्हणजे हॅरी पॉटर."

नवशिक्यांनी इथे "हो, तसंच" म्हणून जिलबी घ्यावी. मी "नाही" म्हणालो. मठ्ठा कोमट झाला.

पायरी दुसरी : साहित्य

हा शब्द इथे पाककृतीतल्या अर्थाने घ्यावा. एक शिसपेन्सिल, नकाशातली बारीक अक्षरं दिसतील असा चष्मा, आणि बँकेने दिलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. (कालनिर्णय चालत नाही, त्याच्या पाठीमागे मजकूर असतो.) मार्चच्या पानामागे मलाझन सैन्य लिहावं, एप्रिलमागे जादूगार, मेमागे देव. माझ्या मे महिन्यात घरच्या कोणीतरी दूधवाल्याचा हिशेब मांडला. आजतागायत एका देवाच्या नावापुढे अडीच लिटर म्हशीचं दूध बाकी आहे.

मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. "हा सार्जंट कोण बरं?" म्हणून मी नाव टाइप करायला घेतलं, तर नाव पुरं व्हायच्या आत सर्चने खाली आपणहून 'डेथ' जोडून दाखवलं. कोण तो सार्जंट, ते सांगत नाही. एकाचा झाला तेवढा घोटाळा पुरे.

पायरी चौथी : पहिलं पुस्तक

(तिसरी पुढे येईल. या मालिकांत असंच असतं, आत्तापासून सवय लावून घ्या.)

मलाझन मालिकेतलं पहिलं, स्टीव्हन एरिक्सनचं 'गार्डन्स ऑफ द मून', १९९९ साली आलं, दहावं आणि शेवटचं पुस्तक २०११ साली. दोन गोष्टी ठाऊक असल्या की पहिली दोनशे पानं जरा सुसह्य होतात. एक म्हणजे हे जग त्याने आणि त्याचा मित्र इयन एस्लमाँट याने मुळात रोलप्लेइंग खेळासाठी रचलं होतं. म्हणजे आपण पोचतो तेव्हा डाव कित्येक वर्षं रंगलेला असतो आणि आपल्यासाठी कोणी पत्ते पुन्हा पिसत नाही. दुसरी म्हणजे हा गृहस्थ शिक्षणाने पुरातत्त्ववाला. तो हातात खापराचा तुकडा देतो आणि पुढे निघून जातो. रांजण तुम्ही जोडायचा.

कसाबसा जोडत आणलात, पन्नास-साठ माणसं चेहऱ्याने ओळखू यायला लागली, की दुसरं पुस्तक सुरू होतं. ते दुसऱ्याच खंडावर. ओळखीची चार टाळकी सोबत येतात, बाकी सगळे नवे. पाचव्यात पुन्हा तेच. ज्यांनी सरकारी नोकरीत बदल्या काढल्या आहेत त्यांना हे जड जाणार नाही. नव्या तालुक्यात कोणाच्या टेबलावर फाईल अडकते हे उमगलं, की आलीच ऑर्डर.

"इतकी नावं लक्षात राहत नाहीत हो" ही सबब मराठी माणसाने सांगू नये. पार्थ, धनंजय, सव्यसाची, किरीटी, फाल्गुन, गुडाकेश हे एकच गृहस्थ, हे आपल्याला कोणी पाठ करून घेतलं होतं? माझी आजी तांदूळ निवडता निवडता महाभारत सांगायची, तेही हाताला लागेल तिथून. आधी वस्त्रहरण, मग जरासंधाचे दोन तुकडे, शंतनू आणि मत्स्यगंधा तर त्या गणपतीत कधीतरी. कळलं नाही म्हणून आम्ही कोणी उठून गेलो नाही. तिने नकाशाही दिला नव्हता. तेव्हा नवशिक्यांनो, न कळणं हा वाचनातला बिघाड समजू नका. पान उलटा.

फरक आहे, तो कबूल करतो. शंतनू कोण हे विसरलं तर ताटातले खडे काढता काढता आजी सांगायची. टॅटरसेल कोण हे विचारायला अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही.

पायरी शून्य : मालिका निवडणे

ही सर्वात आधी यायला हवी होती हे मान्य. पण रॉबर्ट जॉर्डनने 'व्हील ऑफ टाइम'चे दहा भाग छापून झाल्यावर २००४ साली त्यांच्याही आधीची कथा पुस्तकरूपाने आणली. तेव्हा आधार आहे.

निवडताना कथानक, जादू, ड्रॅगन वगैरे बघू नका. लेखकाने शेवट केलाय का, एवढंच बघा. जॉर्ज मार्टिनची योजना मुळात तीन पुस्तकांची होती. पहिलं आलं १९९६ साली, पाचवं २०११ साली आणि सहाव्याची वाट बघता बघता त्यावरची टीव्ही मालिका संपलीसुद्धा. पॅट्रिक रॉथफसचं दुसरंही २०११चंच, आणि तिसऱ्यासाठी त्याचे वाचक अजून दाराकडे डोळे लावून आहेत. जॉर्डन २००७ साली गेले तेव्हा कथा अर्धवट होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि त्याने तीन जाडजूड खंड लिहून २०१३ साली चौदाव्या भागावर कथा संपवली. विचित्रवीर्यामागे सत्यवतीने व्यासांना बोलावलं होतं, त्या चालीवर. वंश वाढला, हे खरं. नाकडोळे कोणावर गेले यावर वाचक आजही भांडतात.

वाट बघण्याचंच म्हणाल, तर पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली, ती पुरी झाली १९६६ साली. पण तिथे शेवट निदान सगळ्यांना ठाऊक होता.

पायरी पाचवी : सोबती मिळवणे

पहिला मार्ग, पहिला भाग कोणाला तरी वाचायला देणे. देऊ नये. माझ्या भाच्याने तीन आठवड्यांनी परत आणला, अडतिसाव्या पानात त्याच्या जिमची पावती. "मामा, यात चांगलं कोण आणि वाईट कोण, तेवढं तरी सांग." मी म्हटलं, "चार पुस्तकं तेच शोधतोय." त्याला वाटलं मी टाळतोय.

दुसरा मार्ग नशिबाचा. संध्याकाळची कल्याण लोकल, घाटकोपरनंतर श्वास घेण्यापुरती जागा. पुस्तक मी छातीशी उभं धरलेलं. समोरच्या दांडीला लटकलेल्या माणसाची नजर वेष्टणावर गेली.

"कितवा?"

"चौथा."

"मी सातवा."

दहावीतल्या पोराने पाचवीतल्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. ठाण्याला माणसं आत घुसली तेव्हा त्याने आपली बॅग पुढे घेऊन माझ्या पुस्तकाला कोपराएवढी जागा करून दिली. डोंबिवली आली. उतरता उतरता मागे वळून म्हणाला, "पाचव्यात सगळे बदलतात. सोडू नका." आणि गर्दीत गेला. नाव विचारायचं राहिलं. मेच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, त्याला मी 'डोंबिवली, सातवा' म्हणून टिपून ठेवलंय.

तिसरी पायरी राहिली. लक्षात आहे. लिहायला बसलोय, पण तिचे दोन भाग करावे लागतील असं दिसतंय.