पाण्यात टाकू का पेटी?

दाजींचा मोसंबीचा फॉर्म साधा होता. नाव, मोबाईल नंबर, किती पेट्या आणि पत्त्यासाठी एक भलाथोरला रिकामा चौकोन. अंबडजवळच्या बागेतली फळं व्यापाऱ्याच्या घशात घालण्यापेक्षा थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावीत ही ताईची कल्पना, आणि फॉर्म तिच्या दहावीतल्या पोरीनं बनवलेला. त्या चौकोनात लोक मोकळ्या मनानं लिहीत : "मामा चौकातून सरळ या, पाण्याची टाकी सोडा, निळं गेट. कुत्रं आहे पण चावत नाही. आल्यावर फोन करा." पेटी पोचवणारा पोरगा ते वाचायचा, फोन करायचा, पेटी पोचायची. कुत्रंही खरंच चावत नसे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच मला बघवत नव्हतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या फॉर्मवर कुत्र्याचा स्वभाव लिहिलेला, हे काही बरं नाही. शिवाय मी 'कम्प्युटरमध्ये' आहे. म्हणजे पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी जालन्यातल्या घरात बसून करतो. काय करतो ते घरात कुणालाच नीट ठाऊक नाही. प्रिंटर अडकला की मला बोलावतात आणि तो मला दुरुस्त करता आला नाही की एकमेकांकडे बघतात. त्यामुळे जेवणं झाल्यावर, सगळी माणसं जमलेली बघून, मी जाहीर केलं की पत्त्याचा रकाना आता स्वतःच पत्ता सुचवेल.

"म्हणजे?" दाजी म्हणाले.

"तीन अक्षरं टाकली की पूर्ण पत्ता खाली येतो. फक्त बोट लावायचं."

"त्याला काय माहीत माणूस कुठं राहतो?"

या प्रश्नाला मी जे हसू दिलं ते आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

काम तसं फार नसतं. नकाशे विकणाऱ्या कंपनीकडून एक चावी घ्यायची, तिच्याच कागदपत्रांतल्या चार ओळी उचलून फॉर्ममध्ये डकवायच्या आणि आपण लिहिल्यासारखं तोंड करायचं. चाचणीसाठी मी आमच्या घराचा पत्ता टाकायला घेतला. रकान्यानं समोरची पिठाची गिरणी सुचवली, जी बंद पडून जमाना झाला. आई म्हणाली, "बरोबर आहे की, सगळे तीच खूण सांगतात." मी ते यश धरलं.

मग 'जा' टाकलं तर जकार्ता आणि जपान आले. मोसंबी तिकडं जाणार नव्हती, म्हणून शोध भारतापुरता बांधला. आता 'जाफराबाद' टाकलं तर गुजरातच्या किनाऱ्यावरचं आलं, दिल्लीतलं आलं, आणि आमचं तालुक्याचं गाव त्यांच्या खाली अंग चोरून बसलेलं. मला राग आला. मी जालन्याभोवती एक वर्तुळ आखलं आणि रकान्याला बजावलं, याच्या बाहेर बघायचं नाही. नकाशाला 'शक्यतो इथलं दाखव' असंही सांगता येतं आणि 'इथलंच दाखव' असंही. मी दुसरं सांगितलं. परिणामी पुण्याच्या गिऱ्हाइकानं 'शिवाजीनगर' लिहिलं की त्याला वर्तुळातली शिवाजीनगरं मिळू लागली. (शिवाजीनगर नाही असं गाव आपल्याकडं सापडलं तर मला कळवा.) वर्तुळ काढून पुन्हा सगळा महाराष्ट्र मोकळा केला.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण लोकांना मोकळं सोडलं की ते वेडंवाकडं लिहितात, असं आमच्या धंद्यात ठाम मत आहे. तेव्हा मी यादीतून निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकणार नाही अशी सोय केली. कुणी स्वतःच्या हातानं काही लिहिलं, की लाल अक्षरांत यायचं : 'कृपया यादीतून योग्य पत्ता निवडा.' ही ओळ मी स्वतः रचली होती. 'कृपया'वर मी बराच वेळ खर्च केला होता.

पहिला बळी एक निवृत्त गुरुजी. त्यांना लिहायचं होतं, मोती तलावाच्या मागची कॉलनी. यादीत कॉलनी नव्हती, तलाव होता. 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न जन्मभर पोरांना घालत आलेल्या गुरुजींनी समोर दिसणाऱ्या पर्यायांतला सर्वांत जवळचा निवडला. दुपारी पेटीवाल्या पोराचा फोन आला.

"भाऊ, पत्त्यावर येऊन उभा आहे. पण पुढं पाणी आहे."

"मग?"

"पाण्यात टाकू का पेटी?"

नकाशाला तलाव कळतो. 'च्या मागं' कळत नाही. आणि आमच्या गावात माणसं राहतातच मुळी कशाच्या तरी मागं, समोर, अलीकडं, नाहीतर गल्लीत आत गेल्यावर डाव्या हाताला. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. इथल्या माणसाला एवढं सांगितलं की अर्धा पत्ता झाला. माझ्या यादीला मात्र दोन्ही काठ मिळून एकच 'जालना' होतं, आणि नदी बहुधा शोभेला.

त्यातच बिल आलं. पत्ता सुचवणारा रकाना बाहेरून मुका दिसतो, पण आत तो दर कळ दाबली की नकाशाला विचारतो : आता काय? आता काय? शहाणी माणसं बोट थांबेपर्यंत क्षणभर वाट बघायला लावतात आणि एका पत्त्याचे सगळे प्रश्न एकाच खात्यात बांधतात, म्हणजे एकदाच मोजले जातात. दोन्ही गोष्टी कागदपत्रांत होत्या. ज्या चार ओळी मी उचलल्या त्यांच्या बरोबर खाली. त्यात मराठी. 'घनसावंगी' उच्चारायला पाच अक्षरं, टाइप करताना काना, अनुस्वार, वेलांटी धरून आठ कळा, म्हणजे आठ प्रश्न. इंग्रजीत लिहू म्हटलं तर डब्ल्यू की व्ही यावर गिऱ्हाईक दोनदा खोडून पुन्हा लिहिणार. भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना तर हा खेळच सापडला होता. कुणाचं गाव आधी वर येतं यावर त्या पैजा लावत. फुकट मिळणारा कोटा त्यांनी संपवला आणि पुढचं माझ्या कार्डानं भरलं. पेटीमागे दाजींना जे सुटत होतं त्यापेक्षा तिचा पत्ता शोधायला मला जास्त पडत होतं.

पण खरा घोळ गावांच्या नावांनी घातला. अंबड आमच्याकडं मत्स्योदरी देवीचं. नाशकात अंबड म्हणजे कारखाने. आष्टी परतूर तालुक्यात आहे, बीड जिल्ह्यात आहे, वर्ध्यातही आहे. भोकरदन तालुक्यातलं जळगाव सपकाळ लिहायला घ्यावं तर 'जळगाव' होताक्षणी रकाना खानदेशात पोचून केळी खात बसलेला. आणि टेंभुर्णी : एक आमच्या जाफराबाद तालुक्यात, एक सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर हमरस्त्यावर. हमरस्त्यावरची नेहमीच वर.

ताईच्या मावससासूबाई जाफराबादच्या टेंभुर्णीच्या. त्यांच्या नातवानं पेटी मागवली आणि यादीतली पहिली टेंभुर्णी दाबली. कुरिअरवाल्यानं फोन केला, स्टँडवर उभा आहे, या. नातू स्टँडवर गेला, कुणी नाही. "मी स्टँडवरच आहे." "मी पण स्टँडवरच आहे." दोघेही खरं बोलत होते. चांगल्या अडीच-तीनशे किलोमीटर अंतरावरून दोघांनी एकमेकांना आंधळे म्हणून घेतलं, आणि शेवटी वैतागून कुरिअरवाला पेटी स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याकडं ठेवून निघून गेला.

या दुखण्यावर औषध फार जुनं आहे, आणि ते मराठी माणसानंच काढलेलं. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे. एका नावाची अनेक गावं, अनेक लिप्या आणि न लागणारी अक्षरं, यांवर त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे. अंबड ४३१२०४ म्हटलं की नाशिकच्या अंबडचा प्रश्नच उरत नाही, तिकडं ४२२. माढ्याकडची टेंभुर्णी ४१३. माझ्या जन्माच्या आधी सुटलेलं गणित मी महागड्या चावीनं पुन्हा चुकवत होतो. ताईच्या सासूबाई अजून पत्त्यात 'जिल्हा औरंगाबाद' लिहितात. जालना १ मे १९८१ला वेगळा जिल्हा झाला आणि औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, म्हणजे हा पत्ता दोनदा चुकलेला. त्यांची पत्रं पोचतात. खाली ४३१२०४ असतं, आणि पोस्टमनला त्या कोण ते माहीत असतं.

एवढं झाल्यावर माणसानं गप्प बसावं. मी डिजिपिन घेऊन गेलो. टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षरी संकेत. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत कापला आहे, आणि प्रत्येक चौकटीला स्वतःचा. "आता चुकायची बातच नाही," मी दाजींना म्हटलं. दाजींनी मनात हिशेब केला.

"एकरात किती बसतील?"

"अडीचशेवर."

"झाडं एकरी एकशे दहा. म्हणजे झाडामागं दोन पत्ते देऊन वर उरतीलच. अन् माणसाला विचारलं तर तो काय सांगंल? दहा अक्षरं?"

"मोबाईलमध्ये दिसतात."

"मोबाईल आहे ना त्याच्याकडं? मग फोनच करू की."

शेवटी भाचीनं फॉर्म परत हातात घेतला. वर पिनकोड, तो टाकला की त्या पोस्टाखालची गावं दिसतात, आपलं निवडायचं, नाही दिसलं तर लिहायचं. खाली तिचा जुना चौकोन, आहे तेवढाच मोठा. यादीची सक्ती गेली. माझं 'कृपया' तेवढं तिनं ठेवलं, दुसरीकडं कुठंतरी.

परवा दाजींना माढ्याकडच्या टेंभुर्णीहून फोन आला. तोच हॉटेलवाला. पेटी बरेच दिवस कुणी न्यायला आलं नाही, फळं नरम पडायला लागली, म्हणून त्यानं ज्यूस करून विकला. गिऱ्हाइकं पुन्हा मागतात, तर दर आठवड्याला पाच पेट्या पाठवाल का? पैसे आधी धाडतो, मागच्या पेटीचेही धाडतो. पत्ता विचारला तर म्हणाला, स्टँडसमोर, कुणालाही विचारा. दाजी खूश. "धंदा वाढवलास गड्या तू," म्हणाले, आणि पाठीवर थाप मारली. ताईनं ती पेटी कुणाची होती याची आठवण करून दिली.

मावससासूबाईंना बदली पेटी गेली, पण तोवर बहर सरत आला होता आणि फळ बारकं निघालं. भेटल्या की त्या ताईला माझी चौकशी करतात. "तुझा भाऊ," म्हणतात, "अजून त्या कम्प्युटरमधीच आहे का? का दुसरं काही बघू राह्यला?"